सरांच्या चौदा फ्लॉप्या

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सरांच्या मुलीने, म्हणजे आपांनी, मला घरी बोलावून घेतलं. घर शाकारताना माळ्यावरचं सामान खाली काढलं होतं. त्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आपा म्हणाल्या, "भाई, अब्बांनी हा तुमच्यासाठी म्हणून ठेवला होता. आम्हालाच द्यायचं राहून गेलं."

डब्यात साडेतीन इंची चौदा फ्लॉप्या होत्या. सहांवर इंग्रजीत छापलेली लेबलं होती आणि एक ते सहा असे आकडे. ते उर्दू टाइपसेटिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. उरलेल्या आठांवर सरांच्या बारीक, नेटक्या अक्षरात उर्दूत लिहिलं होतं: ‘मुलाकातें’. शिवाय फिल्मच्या रिकाम्या डबीत एक छोटा प्लॅस्टिकचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पिना असलेला. तो काय आहे हे मला तेव्हा नीट कळलं नाही. डबा मात्र मी ओळखला, आणि ओळखला तेव्हा मान खाली गेली.

त्याचं कारण सांगतो. आमचे सर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिक्षक होते. १९९५ ते १९९८ या काळात सुट्टीच्या दिवशी ते आसपासच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या खलाशांशी बोलत. आपल्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी पिढ्या जहाजांवर गेल्या. कोणी सारंग, कोणी तांडेल, कोणी इंजिनखोलीत कोळसा ओढणारा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदुस्थानी खलाशी होते, त्यांतले किती बुडाले याची त्यांच्या गावांतही धड नोंद नाही. सरांनी अशा एकोणीस माणसांशी बोलून ते सगळं उर्दूत लिहून काढलं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्या दिवशी गोदीत कामावर असलेला एक जण त्यांना भेटला होता. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या बोटीत नात्यातली माणसं गमावलेला एक जण भेटला होता.

२००६ साली सरांनी मला बोलावून हाच डबा समोर ठेवला होता. मी तेव्हा नुकताच बीएड करून नोकरीला लागलो होतो. आमच्या शाळेच्या संगणक कक्षातल्या यंत्रांना अजून फ्लॉपी ड्राइव्ह होते. सर म्हणाले, "हे सीडीवर उतरवून दे बेटा, आता फ्लॉपीचं काही खरं नाही." मी हो म्हटलं. मग परीक्षा आली, सुट्टी आली, माझं लग्न ठरलं. सरांनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. २०११ साली ते गेले. ज्यांच्याशी ते बोलले होते ती माणसं तर त्याआधीच गेली होती.

म्हणजे त्या डब्यात एकोणीस माणसं होती, आणि त्यांच्यापर्यंत पोचायची वाट माझ्या आळसाने बंद झाली होती. ती पुन्हा उघडायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मला जे कळलं ते आपल्या दोन्ही लिप्यांच्या इतिहासाशी जोडलेलं आहे, म्हणून हा लेख.

आधी फ्लॉपीबद्दल थोडं. पहिली फ्लॉपी आयबीएमने १९७१ मध्ये बाजारात आणली. ती आठ इंची होती आणि तिच्यात जेमतेम ऐंशी किलोबाइट मावत. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली. १९८० नंतर सोनीने साडेतीन इंची आणली, कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनातली, सरकणाऱ्या पत्र्याच्या झाकणाची. आपल्याला आठवते ती हीच. तिच्या तबकडीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ऐंशी वर्तुळाकार पट्ट्या, प्रत्येक पट्टीचे अठरा तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्यात बसणार नाही. पण नुसता मजकूर असेल तर एक अख्खी कादंबरी बसते.

सॉफ्टवेअर एका फ्लॉपीत मावेनासं झालं तेव्हा ते अनेक फ्लॉप्यांवर येऊ लागलं. विंडोज ९५ चा फ्लॉपीवरचा संच तेरा फ्लॉप्यांचा होता. बसवताना यंत्र थांबून पुढची फ्लॉपी मागायचं. आपण एक काढायची, दुसरी घालायची आणि घरघर ऐकत बसायचं. तेरातली एक बिघडली की उरलेल्या बारांचा उपयोग शून्य.

मग ॲपलने १९९८ मध्ये आयमॅक आणला, त्याला फ्लॉपी ड्राइव्हच नव्हता. लोकांनी नावं ठेवली, पण पुढच्या दहा वर्षांत सगळ्यांनी तेच केलं. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमधली विक्रीही थांबवली. तरी फ्लॉपी चिवट निघाली. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाची एक संदेशयंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती, आणि जपान सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढून टाकल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. एवढी मोठी सरकारं अडकून पडतात, तिथे कोकणातल्या एका निवृत्त मास्तरांचं काय!

आता प्रश्न येतो, सरांनी हे सगळं कागदावर का ठेवलं नाही? आणि साध्या मजकुराच्या फाइलीत का ठेवलं नाही? याचं उत्तर उर्दूच्या रस्मुलखतात, म्हणजे लिपीत आहे.

उर्दू नस्तालीक शैलीत लिहिली जाते. या शैलीत शब्द सरळ रेषेवर बसत नाही. तो उजवीकडे वर सुरू होतो आणि तिरका उतरत डावीकडे खाली येतो. एकच अक्षर शब्दात कुठे आहे आणि त्याचे शेजारी कोण आहेत यावर त्याचं रूप आणि उंची बदलते. शिशाच्या खिळ्यांना हे जमत नाही, कारण खिळे एका ओळीत उभे राहतात. १८०० च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात नस्तालीकचे खिळे पाडून पुस्तकं छापली गेली, पण ती वाचकांच्या डोळ्यांना रुचली नाहीत. शिळाप्रेस आला तेव्हा उर्दूची सोय झाली. कातिबाने खास शाईने कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि दगडावरून छापायचं. १८५८ मध्ये लखनौला सुरू झालेल्या नवलकिशोर प्रेसने याच पद्धतीवर हजारो पुस्तकं काढली.

मराठीची सुरुवातही काही अंशी अशीच झाली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. पण देवनागरीची अक्षरं शिरोरेषेखाली ओळीत लटकतात, तिला खिळे मानवले. १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला आणि तिथल्या टाइपाने देवनागरीचं रूपच घडवलं. म्हणजे एकाच मुंबईत मराठी कंपोझिटरच्या हाती गेली आणि उर्दू कातिबाच्या हातात राहिली. ती पुढची शंभर वर्षं तशीच राहिली. उर्दू वर्तमानपत्रांच्या कचेरीत १९८० च्या दशकातही कातिबांची रांग बसलेली असे. रात्री बातमी आली की कोणीतरी ती हाताने लिहायची, तेव्हा ती सकाळी छापून यायची.

यात बदल केला तो कराचीच्या अहमद मिर्झा जमील यांनी. शब्दाचे जे तुकडे अक्षरं एकत्र जोडून बनतात ते सगळे त्यांनी स्वतः सुलेखन करून लिहिले. असे हजारो जोड तयार झाले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात भरले गेले. म्हणजे यंत्राने अक्षरं जुळवायची नाहीत, खुशनवीसाने आधीच जोडून ठेवलेला तुकडा उचलून ठेवायचा. त्यांनी वडिलांच्या, नूर अहमद यांच्या, नावावरून याला ‘नूरी नस्तालीक’ म्हटलं. १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ने या पद्धतीने छपाई सुरू केली. पण ती यंत्रं महागडी होती, मोठ्या वर्तमानपत्रांनाच परवडणारी. सामान्य संगणकावर नूरी नस्तालीक आलं ते १९९४ मध्ये, ‘इनपेज’मुळे. ते दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने बनवलं होतं. कराचीतलं अक्षर, दिल्लीतलं सॉफ्टवेअर. सरहद्दीवर काहीही चाललं तरी उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोरचं अक्षर एकच राहिलं.

मराठीतही त्याच सुमाराला धांदल चालली होती. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. तिच्या जिस्ट तंत्रामुळे साध्या पीसीवर भारतीय लिप्या दिसू लागल्या. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचं ‘श्रीलिपी’ डीटीपीच्या दुकानांत पोचलं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरलं, आणि त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एका कोष्टकात बसवू पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण दुकानांत चालायचे ते ज्याच्या त्याच्या कंपनीचे संकेत. एका सॉफ्टवेअरमधला ‘क’ दुसऱ्यात भलतंच चिन्ह असायचा. त्या काळातली मराठी फाइल आज उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, हा अनुभव अनेकांना असेल.

हे सगळं लक्षात घेतलं की सरांचा डबा कळतो. त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून जुना संगणक आणि उर्दूचं हे सॉफ्टवेअर घेतलं होतं. कातिब परवडत नव्हता आणि मुलाखती नस्तालीकमध्येच हव्या होत्या. सॉफ्टवेअर मजकूर स्वतःच्याच खास पद्धतीने साठवायचं. तो उघडायला तेच सॉफ्टवेअर लागणार. सॉफ्टवेअर बसवायला सहा फ्लॉप्या लागणार. आणि त्यांना लागणारा ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला नाही, शाळेत नाही, आख्ख्या तालुक्यात कुठे चालू स्थितीत नाही.

मी आधी यूएसबीला लावायचा एक फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. तो येईपर्यंत फ्लॉप्या तपासल्या. झाकण सरकवून उजेडात धरलं तर काहींच्या तबकडीवर पांढुरके ठिपके. बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत ही लागणारच. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणारा भाग ती बुरशी घासत नेतो, तबकडी ओरखडते आणि पुढच्या फ्लॉपीलाही घाण लागते. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने, तबकडी हाताने हळूहळू फिरवत, दोन्ही बाजू पुसल्या. रात्रभर सुकू दिल्या. आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी केली. ती उघडी असली की फ्लॉपीवर चुकूनही काही लिहिलं जात नाही. कोणी असं काम करणार असेल तर ही खिडकी आधी बघा.

दुसरा धडा असा की मूळ फ्लॉपीवर काम करायचं नाही. तिच्यावरचे सगळे २८८० तुकडे जसेच्या तसे एका फाइलीत उतरवून घ्यायचे. याला इमेज म्हणतात. फायलींची नक्कल आणि इमेज यांत फरक आहे. नकलेत फक्त फायली येतात, इमेजमध्ये फ्लॉपीचं नाव, मांडणी, रिकामी जागा सगळं येतं. एखादा तुकडा वाचला गेला नाही तर प्रोग्रॅम तो पुन्हा पुन्हा वाचून बघतो. सॉफ्टवेअरच्या सहांपैकी पाच पहिल्या दिवशी उतरल्या. पाचव्या नंबरची अडली, चार तुकडे वाचेनात. एका ओळखीच्या सायबर कॅफेवाल्याकडे दुसरा यूएसबी ड्राइव्ह धूळ खात होता, तो आणला. दोन ड्राइव्हची डोकी किंचित वेगळी बसलेली असतात. एकाला जे दिसत नाही ते कधी दुसऱ्याला दिसतं. दुसऱ्याने तीन तुकडे वाचले. चौथा तुकडा एका रात्रीत कितव्या तरी प्रयत्नाला आला. फजरच्या अजानला मी अजून खुर्चीतच होतो.

वाटलं, झालं काम. लॅपटॉपवर सेटअप सुरू केला तर विंडोजने एका वाक्यात सांगितलं की हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही. जुना सेटअप सोळा बिटी होता. चौसष्ट बिटी विंडोजमधून असे प्रोग्रॅम चालवायची सोयच काढून टाकलेली आहे. यावर उपाय असतो. संगणकाच्या आत एक नकली जुना संगणक उभा करायचा आणि त्यात विंडोज ९८ सारखी जुनी प्रणाली चालवायची. पुष्कळांचं काम तेवढ्याने होतं. माझं झालं नाही, ते फिल्मच्या डबीतल्या ठोकळ्यामुळे.

तो ठोकळा म्हणजे कुलूप होतं. त्या काळी महाग सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून असा ठोकळा प्रिंटरच्या जाड पंचवीस पिनांच्या जोडणीवर लावावा लागे. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडत नसे. माझ्या लॅपटॉपला ती जोडणीही नाही.

म्हणजे मला असा संगणक हवा होता ज्याला प्रिंटरची जुनी जोडणी आहे आणि ज्याच्यावर बत्तीस बिटी विंडोज आहे. असा एक संगणक माझ्या डीटीपीवाल्या दोस्ताच्या दुकानात, मागच्या खोलीत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली होता. साधारण २००५ चा, विंडोज एक्सपीवाला. जुन्या प्रिंटरसाठी त्याने तो ठेवला होता. सगळं होतं, फक्त फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता. त्याच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी बसवलेली होती. दोस्त हसून म्हणाला, "मास्तर, तुमची फ्लॉपी सोडून याच्यात सगळं चालतं."

यूएसबी ड्राइव्ह तिथे लावता आला असता, पण त्या फ्लॉप्या पुन्हा फिरवायची माझी तयारी नव्हती, आणि पाचवी तर दोन ड्राइव्हवर मिळून वाचली होती. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून सहा फोल्डर उतरवले आणि पहिल्यातून सेटअप चालवला. थोडं पुढे गेला आणि थांबला: ‘दुसरी डिस्क ए ड्राइव्हमध्ये घाला.’ ए म्हणजे फ्लॉपी. सहाही डिस्क बाजूलाच होत्या, पण त्याला त्या ए मध्येच हव्या होत्या. शेवटी दोस्ताने मार्ग सुचवला. एक छोटा मोफत प्रोग्रॅम मिळतो, तो संगणकाला सांगतो की तुला ए नावाचा फ्लॉपी ड्राइव्ह आहे. त्या नसलेल्या ड्राइव्हमध्ये आपण इमेजची फाइल घालायची. सेटअपने दुसरी मागितली की पहिली इमेज काढायची, दुसरी घालायची. घरघर नाही एवढाच फरक. सेटअपला शेवटपर्यंत कळलं नाही की त्या पेटीत फ्लॉपी ड्राइव्ह नाही.

तरीही प्रोग्रॅम उघडेना. कुलुपाचा स्वतःचा एक वेगळा छोटा प्रोग्रॅम सहाव्या फ्लॉपीवर होता, तो आधी बसवावा लागतो, हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या. तो बसवला, संगणक बंद करून चालू केला, सरांची पहिली फाइल उघडली. पडद्यावर नस्तालीक उतरलं. शीर्षकात त्या खलाशाचं नाव, गाव आणि सरांनी घातलेली तारीख. दोस्ताला उर्दू वाचता येत नाही. त्याने विचारलं, "बरोबर आलंय का?" मला लगेच बोलता आलं नाही.

आता हिशेब सांगतो. सरांच्या आठ फ्लॉप्यांपैकी सहा पूर्ण उतरल्या. एक अर्धीमुर्धी. एकीची तबकडी बुरशीने इतकी खाल्लेली की तिच्यातून काहीच आलं नाही. एकोणीस मुलाखतींपैकी चौदा संपूर्ण आहेत, तीन तुटक आहेत, दोन गेल्या. गोदीच्या स्फोटाची मुलाखत पूर्ण आहे. ‘रामदास’ची तुटक आहे. त्या माणसाने सकाळी घरून निघालेल्यांची नावं सांगितली आहेत, धक्क्यावरची गर्दी सांगितली आहे, आणि बोट कलायला लागते त्या वाक्यावर फाइल संपते.

२००६ मध्ये ती फ्लॉपी चांगली होती की नाही हे आता कोणी सांगू शकत नाही. पण बुरशी एका पावसात एवढी वाढत नाही. मधले अठराएक पावसाळे माझ्या नावावर आहेत.

आणखी एक गोष्ट मला फायली उघडल्यावरच दिसली. मजकुरात जागोजागी मोकळ्या जागा होत्या. वाक्य चालू असतं, मध्येच बोटभर अंतर, मग पुढचं वाक्य. आधी वाटलं, फाइल बिघडली. नीट वाचल्यावर उलगडलं. हे खलाशी कोकणीत बोलत होते. त्यांच्या बोलण्यात ‘उधाण’, ‘सुकाणू’, ‘नाळ’ असे शब्द येतात. उर्दूत ‘ण’ आणि ‘ळ’ला अक्षर नाही. सरांना ‘उधान’ किंवा ‘नाल’ लिहायचं नव्हतं, कारण ‘नाल’ म्हणजे घोड्याची. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी येत नव्हती. म्हणून ते तेवढी जागा सोडायचे आणि कागदावर छापून घेतल्यावर तिथे हाताने देवनागरीत शब्द लिहायचे. आपांना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, छापलेले कागद होते की. त्यांना वाळवी लागली, म्हणून जाळले."

म्हणजे उर्दू भाग फ्लॉपीवर वाचला आणि मराठी भाग कागदाबरोबर गेला. मी दोन्ही भाषा शिकवतो, माझ्यासाठी ही जागा फार दुखरी आहे. काही जागा संदर्भाने भरता येतात. भरतीबद्दल वाक्य असेल तर ‘उधाण’ असणार. पण वाऱ्यांची, दोरांची, शिडाच्या भागांची नावं मला कुठून ठाऊक असणार? सध्या मी त्या जागांची यादी करून दर रविवारी बंदरावर जातो. मच्छीमारी करणारे जुने लोक अजून आहेत, मुसलमान दालदी आहेत, हिंदू कोळी आहेत. त्यांना वाक्य वाचून दाखवतो आणि विचारतो, इथे कोणता शब्द येईल? कधी दोघं दोन शब्द सांगतात आणि भांडतात. दोन्ही लिहून घेतो.

चौदा मुलाखतींचा मजकूर मी आता युनिकोडमध्ये आणला आहे. त्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण डोळे झाकून त्यांच्यावर विसंबू नये. अरबीचा ‘काफ’ आणि उर्दूचा ‘काफ’ युनिकोडमध्ये वेगळे आहेत, ‘ये’चंही तसंच. दिसायला शब्द सारखाच, पण शोधायला गेलं की सापडत नाही. मी प्रत्येक पान मूळ फाइलीशी ताडून पाहिलं. आता एकाच ओळीत उर्दू आणि देवनागरी दोन्ही लिहिता येतात, जे सरांना हवं होतं आणि मिळालं नाही. चांगल्या कागदावर तीन प्रती काढल्या आहेत. एक आपांकडे, एक शाळेच्या ग्रंथालयात, एक माझ्याकडे. कागदालाही वाळवी लागते, हे आता माहीत आहे. पण कागद, पेनड्राइव्ह आणि इंटरनेट तिन्ही एकाच दिवशी जात नाहीत.

आपल्या समाजाबद्दल इतिहासात काही सापडत नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती बरीचशी खरी आहे. पण १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत आपल्या छोट्या संस्थांनी, मदरशांनी, शाळांनी, जमातींनी, मासिकांनी कितीतरी लिहिलं. शतकमहोत्सवी स्मरणिका, गावांचे इतिहास, वंशावळी, मुशायऱ्यांचे अहवाल. हे सगळं कातिबाच्या नव्हे, संगणकाच्या काळातलं आहे. नवलकिशोर प्रेसचं दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक मी आज उघडून वाचू शकतो. सरांची सत्तावीस वर्षांपूर्वीची फाइल वाचायला चार महिने, दोन ड्राइव्ह, भंगारातला एक संगणक आणि एक कुलूप लागलं. ते कुलूप आपांनी फेकून दिलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं, किंवा निदान माझ्यासारख्या माणसाला तरी लागलं नसतं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात, मशिदीच्या कचेरीत, शाळेच्या कपाटात असा डबा असेल तर तो या पावसाळ्याआधी खाली काढा. सोबतची डबडी, पिनांचे ठोकळे, लेबलं काहीही टाकू नका. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाने तुमच्या हातात काही देऊन ‘एवढं उतरवून दे’ म्हटलं, तर त्याच आठवड्यात बसा.

‘रामदास’च्या मुलाखतीचा उरलेला भाग कुठे मिळेल असं आता वाटत नाही. तरी त्या माणसाच्या गावाला मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. त्याचा नातू तिथे राहतो असं कळलं आहे. आजोबांनी त्यालाही कधी ती गोष्ट सांगितली असेल.